सभा झाली, सर

मागच्या महिन्यात जालन्याला शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अशा ठिकाणी मला अजून बोलावतात. दिवा लावायला एक पिकलं डोकं लागतंच. दिवा लावून झाला, हातात नारळ आणि शाल पडली, आणि जेवणाआधी उठून जाणं बरं दिसेना म्हणून मी पहिल्या रांगेत बसून राहिले. बोलणारा तज्ज्ञ माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा. विषय होता अभिरूप पद्धत. पडद्यावर चित्रं दाखवत तो सांगत होता की खऱ्या प्रसंगाची वर्गात हुबेहूब नक्कल करायची, मूल मध्यभागी ठेवायचं, शिक्षकानं बाजूला सरायचं. आणि या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा असा, की चूक झाली तरी कुणाचं काही नुकसान होत नाही. सगळ्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला असं काही हसू फुटलं की शेजारच्या बाईंना ठसका लागल्यासारखं वाटलं आणि त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांना काय सांगणार? सातवीत असताना मी अशीच एक हुबेहूब नक्कल केली होती, आणि तिच्यापायी माझ्या बाबांची नोकरी जायची वेळ आली होती.

बाबा आमच्या ग्रामपंचायतीत शिपाई होते. हसनाबादवरून पुढं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. बौद्ध वस्तीतून पंचायतीत कामाला लागलेला हा पहिला माणूस, त्यामुळे वस्तीला त्यांचा अभिमान होता आणि त्यांना पंचायतीनं दिलेल्या सायकलचा. नोकरी कायम नव्हती. सरपंच अप्पांच्या मर्जीवर होती, आणि मर्जी सकाळ-संध्याकाळ बदलणारी. बाबांच्या आधीचे कोतवाल दवंडीला हलगी वाजवायचे. आमच्या घरात आजोबांनी धर्मांतराच्या वेळीच हलगी खाली ठेवलेली, ती पुन्हा हातात घ्यायची नाही हे ठरलेलं. म्हणून बाबा सायकलची घंटी वाजवून दवंडी द्यायचे. तीन वेळा घंटी, मग ‘ऐका हो’, मग पुन्हा तीन वेळा. लहानपणचे आवाज आठवायला बसले की सगळ्यात आधी ती घंटी ऐकू येते, आणि तिच्या पाठोपाठ अंगठ्याच्या शाईची पत्र्याची डबी उघडल्याचा ‘टक्’.

ती डबी आणि ग्रामसभेची वही बाबांच्या खाकी पिशवीत कायम असायची. ग्रामसभा जवळ आली की बाबा ती पिशवी हँडलला अडकवून निघायचे. बायका घरात सापडायची वेळ म्हणजे भाकरीची, म्हणून सकाळी एक फेरी आणि दिवेलागणीला एक. आधी अप्पांचा वाडा, मग गावठाण, सगळ्यात शेवटी आमची वस्ती. गावठाणातल्या घरांत बाबा ओट्याच्या खाली उभे राहायचे. घरातलं एखादं पोर वही आणि डबी आत न्यायचं, आत सह्या-अंगठे व्हायचे आणि वही बाहेर यायची. वहीला कुणाच्याही चुलीपर्यंत जायची मुभा होती, ती आणणाऱ्याला नव्हती. बाबांना याचं काही वाटत असेल तर ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही; उलट ओट्याखाली सायकल सावलीत राहते, असं म्हणायचे.

आमच्या घरी वही यायची तेव्हा माय ज्वारीच्या भाकरी थापत बसलेली असायची. तव्यावर एक, परातीत एक, बाजूला गाडग्यात येसराची आमटी नाहीतर अंबाडीची भाजी. बाबा वही पुढे धरायचे, माय पीठ लागलेला अंगठा पदराला पुसायची, शाईत बुडवायची, वहीवर दाबायची आणि पुन्हा भाकरीला लागायची. त्या भाकरीच्या कडेला हमखास एक निळा डाग उमटायचा. ती भाकर कुणी खायची यावरून माझ्यात आणि भावात भांडण व्हायचं, कारण निळी भाकर खाल्ली की परीक्षेत पास होतो असा शोध आम्हीच लावला होता. माय वैतागून म्हणायची की शाई पोटात गेल्यानं अक्षर येत असतं तर तिला केव्हाच आलं असतं. अंगठा कशाचा, हे तिनं कधी विचारलं नाही आणि बाबांनी कधी सांगितलं नाही. नवरा वही घेऊन आला, अंगठा दिला, एवढंच.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमचे काकडे सर दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि पार बदलून परत आले. जाण्याआधी ते खुर्चीत बसून धडा वाचून दाखवायचे आणि अधूनमधून खडू फेकून मारायचे. आल्यावर वर्गात उभे राहून म्हणाले, आजपासून मी शिकवणार नाही, तुम्ही शिकणार. आपण बोलणार नाही हे समजावून सांगायला त्यांनी सबंध तास घेतला. नागरिकशास्त्रात ‘ग्रामसभा’ हा धडा होता. तो वाचायचा नाही, जगायचा, असं सरांनी जाहीर केलं. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटायच्या, म्हणजे पक्षपात नको. भोकरदनहून शिक्षणाचे विस्तार अधिकारी तो पाठ पाहायला येणार होते, त्यामुळे सरांचा आवाज जरा कापत होता.

सरपंचाची चिठ्ठी मंगलला निघाली. गावानं तोवर बाई सरपंच पाहिली नव्हती, त्यामुळे मंगल घाबरून म्हणाली की मी काय करू? कुणीतरी सांगितलं, काही नाही, घरी बसून राहा. ग्रामसेवक झाला दिलीप, अप्पांचा पुतण्या. माझी चिठ्ठी सरांनीच उघडली आणि वाचली, ‘शिपाई’. सबंध वर्ग हसला. पस्तीस चिठ्ठ्यांतून तीच माझ्या हाताला लागावी म्हणजे त्या चिठ्ठीलासुद्धा आमचं घर माहीत होतं की काय कोण जाणे. मला रडू येत होतं, पण सरांनी बजावलं की अभिरूपात कुठलीही भूमिका हलकी नसते. आपापल्या घरी विचारा, ग्रामसभा कशी होते ते बघा, आणि जसं खरं होतं तस्संच करा. तस्संच, हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मी घरी जाऊन बाबांना विचारलं की ग्रामसभेत तुम्ही काय काय करता. पोरगी आपलं काम शिकायला निघाली म्हणून बाबा खूश झाले. त्यांनी मला घंटी कशी वाजवायची, वही कशी धरायची, डबी उघडताना शाई सांडू नये म्हणून बोट कुठं ठेवायचं, सगळं करून दाखवलं. मी विचारलं, “आणि सभा?”

बाबा म्हणाले, “हीच की सभा.”

पाठाच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले. मला आजही तो वर्ग दिसतो. आम्ही बाकं हलवून घरं केली होती. एक जण सुताच्या दोऱ्यानं काल्पनिक बैलाची वेसण वळत होता, दोघी काल्पनिक भाकरी थापत होत्या, एक म्हातारी झालेली मुलगी दुसरीच्या डोक्यातल्या उवा काढत होती, आणि तिथं काल्पनिक असं काही नव्हतं. मंगल कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली, कारण सरपंच घरी असतात. मी बाबांची खरी घंटी काढून आणली होती. तीन वेळा वाजवली, ‘ऐका हो’ म्हटलं आणि वही घेऊन बाकाबाकावर फिरले.

“अप्पांनी पाठवलंय. इथं अंगठा लाव.”

“कशाचं हाय?”

“ग्रामसभेचं.”

“कधी हाय?”

“झाली.”

सगळ्यांचे अंगठे झाल्यावर मी वही दिलीपला नेऊन दिली. तो ग्रामसेवक असल्यानं त्यानं अंगठ्यांच्या वर मुद्दाम सोडलेल्या कोऱ्या जागेत ठराव लिहिला, ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणाला आणि टोपण लावून पेन खिशाला अडकवलं. पस्तीस मिनिटांच्या तासातली जेमतेम सात मिनिटं झाली होती. सर घामाघूम. ते म्हणाले, अरे छान, पण सभा कुठंय? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दिलीप उठून उभा राहिला आणि अदबीनं बोलला, “सभा झाली, सर.”

साहेबांनी आधी वही मागवून अंगठे पाहिले. मग त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं की हे इतकं बारकाईनं कुणी शिकवलं. एवढ्या मोठ्या साहेबांनी वर्गात एकट्या मला विचारलं याचा मला इतका गर्व झाला की मी छाती पुढे काढून बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, ते पंचायतीत शिपाई आहेत हे सांगितलं, आणि वर म्हणाले की ते असंच करतात, कधीच चुकत नाहीत. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: ‘पाठ अत्यंत वास्तवदर्शी. विद्यार्थ्यांचा सहभाग पूर्ण.’ सरांनी तो शेरा आम्हाला तीनदा वाचून दाखवला.

साहेबांनी ही गंमत तालुक्याला चहा पिताना पंचायतीचं बघणाऱ्या दुसऱ्या साहेबांना सांगितली असावी, कारण पंधरा दिवसांत पत्र आलं: आपल्या गावच्या पुढील ग्रामसभेस मी स्वतः उपस्थित राहणार आहे. ते पत्र पिशवीत घालून अप्पांकडे नेऊन देण्याचं काम अर्थात बाबांचंच होतं. अप्पा ओरडणाऱ्यातले नव्हते. त्यांनी पत्र वाचलं, घडी केली आणि शांतपणे सांगितलं, “लक्ष्मण, तुझ्या पोरीनं गावाची अब्रू भोकरदनला नेऊन ठिवली. सभा नीट झाली तर झाली. न्हाई झाली तर दुसऱ्या दिवशी सायकल पंचायतीत आणून लाव.”

बाबा घरी आले ते घंटी न वाजवता. मला वाटलं आता मारतील; मारलं असतं तर बरं झालं असतं. ते जेवले नाहीत, अंगणात बसून सायकलचे आरे एकेक करून फडक्यानं पुसत राहिले. मायनं दोनदा बोलावलं, मग तिनंही ताट झाकून ठेवलं. मी गोधडीत तोंड खुपसून रडले. माझ्यामुळे झालं हे मला कळत होतं, पण मी चुकले कुठं हे मात्र कळत नव्हतं. जे खरं होतं तेच तर मी केलं होतं. फळ्यावर दोन रेघा मारून सांगितलेलं केलं होतं. आज इतकी वर्षं शिकवून झाल्यावरसुद्धा त्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही.

अप्पा मात्र हुशार माणूस. त्यांनी काकडे सरांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, सर, तुम्ही पोरांना शिकवलं, आता जरा गावाला शिकवा. झालं, शाळेच्या व्हरांड्यात तीन संध्याकाळी ग्रामसभेची तालीम झाली. पन्नास-साठ वर्षांची माणसं बाकावर अवघडून बसली आणि सरांनी त्यांना चिठ्ठ्या वाटल्या. कुणी कोणता प्रश्न विचारायचा, त्यावर अप्पांनी काय उत्तर द्यायचं, कुणी मान हलवायची, सगळं लिहिलेलं. विरोधही हवा म्हणून एकाला विरोध करायची चिठ्ठी दिली होती. तो अप्पांचा सोयरा होता आणि दर वेळी विरोध करण्याआधी त्यांच्याकडे बघून हात जोडायचा. बायकाही दिसायला हव्यात, म्हणून प्रत्येक आळीतून चार-चार. आमच्या वस्तीतून शिपायाची बायको म्हणून माय पहिली. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा तिचं वाक्य पाठ करून घेण्याची शिक्षा माझ्याकडे आली. ‘गावातील दिवाबत्तीची सोय समाधानकारक आहे, त्याबद्दल मी ग्रामपंचायतीचे आभार मानते.’

मी चुलीसमोर बसून म्हणायचे आणि माय भाकरी थापता थापता मागून म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “कुठली दिवाबत्ती? आपल्याकडं तर खांब बी न्हाई.” मी सरांसारखं समजावलं की हे खरं नसतं, नुसतं करून दाखवायचं असतं.

ती भाकर उलटत म्हणाली, “बोलणं खोटं, मंग अंगठा बी खोटाच का?”

मी म्हणाले, बाबांची सायकल जाईल. त्यानंतर तिनं एकदाही प्रश्न विचारला नाही. दोन दिवसांत वाक्य घडाघडा म्हणायला लागली.

सभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात सतरंज्या, टेबलावर चादर, तांब्या-भांडं. आम्हा मुलांना स्वागतगीताला उभं केलेलं, त्यामुळे मी सगळं समोरून पाहिलं. तालमीप्रमाणे बिलकुल बिनचूक चाललं होतं. प्रश्न आले, उत्तरं आली, माना हलल्या, सोयऱ्यानं हात जोडून विरोध केला. काकडे सर खांबाआडून ओठ हलवत प्रत्येकाबरोबर म्हणत होते. तालुक्याचे साहेब समाधानानं टिपून घेत होते. बाबा टेबलाच्या मागे पिशवी घेऊन उभे होते. मग मायचं नाव पुकारलं. ती उठली, पदर सारखा केला, पण ती माझ्याकडे बघत नव्हती, बाबांच्या पिशवीकडे बघत होती.

“मला बोलायचं पाठ करून दिल्यालं हाय, ते मी म्हणते,” ती म्हणाली. “पर आधी मागलं वाचून दाखवा. इतकी सालं अंगठा लावून राह्यले. कशाला लावला ते एकडाव ऐकू द्या.”

 हे कुणाच्याच चिठ्ठीत नव्हतं. साहेब म्हणाले, बरोबर आहे, मागचं इतिवृत्त वाचायलाच हवं. ग्रामसेवक भाऊसाहेब खिसे चाचपायला लागले. चष्मा घरी राहिला होता, आणि वहीही बहुतेक पंचायतीत राहिली असावी. सगळ्या गावाला माहीत होतं की वही कुठं असते. अप्पा बाबांकडे बघत होते. नुसती मान नकारार्थी हलवली असती तरी सायकल आमचीच राहिली असती, आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी मनातल्या मनात म्हणत होते, हलवा, बाबा, मान हलवा. बाबांनी पिशवीत हात घातला आणि वही काढली. साहेबांनी विचारलं, तुम्हाला वाचता येतं का? बाबा म्हणाले, सातवी पास आहे.

त्यांनी मागच्या वर्षीचं पान उघडलं. त्यांचा दवंडीचा आवाज गावाला पाठ होता, पण वाचतानाचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो पहिल्या ओळीला फाटला, मग लागला. वाचता वाचता पाचवा ठराव आला: बौद्ध वस्तीत सार्वजनिक दिवा बसविण्यात आला असून वस्तीतील रहिवाशांनी त्याबद्दल समाधान व्यक्त केले व ग्रामपंचायतीचे आभार मानले. बाबा थांबले. खाली अंगठ्यांची रांग होती. पीठ लागल्यानं अर्धवट उठलेला एक अंगठा त्यांनी लगेच ओळखला असणार.

माय म्हणाली, “मंग माझे आभार मागल्या सालीच झाले की. आता पुन्यांदा कशाला? दिवा तेवढा दाखवा.”

आधी कुणीतरी बायकांतून हसलं. मग सगळं पटांगण हसायला लागलं, साहेबसुद्धा, आणि शेवटी अप्पांनाही हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सायकल स्वच्छ पुसली आणि पंचायतीत नेऊन लावली. दुपारी ते तिच्यावरच बसून परत आले. अप्पांनी विचारलं होतं की कुणी सांगितलं इथं लावायला? शिपायाला आत्ता काढलं तर तालुका काहून काढला म्हणून विचारणार, एवढं त्यांना बराबर कळत होतं. महिन्याभरात वस्तीत खांब आला. दिवा यायला आणखी बरेच दिवस लागले, तोवर आम्ही त्या खांबाला झोका बांधला. काकडे सरांनी मात्र अभिरूप पद्धत सोडली आणि पुन्हा खुर्चीत बसून धडा वाचायला लागले. खडू फेकणंही सुरू झालं. आम्हाला तेच सवयीचं होतं.

आणि ग्रामसभा? ती काही पटांगणात भरायला लागली नाही. पुढच्या वेळी पुन्हा वही घरोघर निघाली, तीच डबी, तीच घंटी. फरक एवढाच पडला की गावठाणातल्या पहिल्याच घरात गेलेली वही अंगठ्याविना बाहेर आली, आणि आतून म्हातारीचा आवाज आला, “आधी वाचून दाखव.” कोऱ्या जागेत वाचायला काही नव्हतंच, म्हणून बाबांनी परत जाऊन भाऊसाहेबांकडून ठराव आधी लिहून आणले. ओट्याखालून वाचलेलं चुलीपाशी ऐकू जाईना. दोनदा ओरडून झाल्यावर म्हातारीच म्हणाली की वर ये बाबा, इथं ओसरीवर बस. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. दोन दिवसांची फेरी पंधरा दिवस चालली. कुठं मान्य नसलं की बायका अंगठा द्यायच्या नाहीत, मग बाबा ते भाऊसाहेबांना सांगायला जायचे, आणि भाऊसाहेब कपाळाला हात लावायचे. जालन्याच्या त्या तज्ज्ञ मुलाच्या पडद्यावर ‘अध्ययन निष्पत्ती’ नावाचा, म्हणजे शिकून हाती काय लागलं त्याचा, एक रकाना होता. आमच्या पाठाला तसा रकाना नव्हता; असता तर काकडे सरांनी तो कोराच सोडला असता, आणि मी तरी त्यात काय लिहिलं असतं कोण जाणे.

फेरीच्या शेवटच्या दिवशी बाबा घरी आले तेव्हा त्यांचा घसा बसला होता. माय भाकरी थापत होती. त्यांनी वही पुढे धरली, डबी उघडली आणि म्हणाले, “लाव जल्दी. तुला तर समदं माहीत हाय.”

मायनं हातातली भाकर तव्यावर टाकली. परातीच्या कडेला हात झटकले, तांब्यातल्या पाण्यानं धुतले, पदराला पुसले आणि मांडी घालून त्यांच्यासमोर बसली.

“वाच,” ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग वही मांडीवर घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तव्यावरची भाकर करपली. ती मी खाल्ली.